परतीच्या तिकिटावरची तारीख

परदेशातल्या मुलाकडे किंवा मुलीकडे जायचं ठरलं की घरात दोन-तीन महिने आधीपासून लगबग सुरू होते. व्हिसाची कागदपत्रं, प्रवास विमा, सहा महिन्यांची औषधं आणि त्यांच्या चिठ्ठ्या, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि काट्यावर पुन्हा पुन्हा ठेवून पाहिलेल्या बॅगा. जातानाचं तिकीट इतक्या वेळा वाचलं जातं की विमानाचा क्रमांकही पाठ होतो. परतीचं तिकीट त्याच कागदाच्या खालच्या भागात असतं आणि तिकडे कुणी फारसं बघत नाही. ते बघायची वेळ येते तेव्हा घरात निरोपाचे दिवस सुरू झालेले असतात. नातवंडं आजीला सोडत नाहीत, सामानात काय ठेवायचं आणि काय न्यायचं याचा निकाल लागत नाही, शेजारचे भेटायला येतात. प्रवासातले मोठे घोटाळे नेमके याच दिवसांत होतात. विमान आदल्या रात्रीच निघून गेलेलं असतं, किंवा दुसऱ्याच विमानतळावरून सुटणार असतं, किंवा तिकडे मुंबईत आणायला येणारी गाडी एक दिवस उशिरा निघते.

अशा घोटाळ्यानंतर घरात जे बोललं जातं ते जास्त लागतं. "बाबा, तुम्ही नीट बघायचं ना!" असं मुलाच्या तोंडून निघून जातं, किंवा बाबाच "आता वय झालं माझं" म्हणून गप्प बसतात. हा दोष बहुतेक वेळा चुकीच्या माणसाच्या माथी जातो. तिकिटावर दिवस ज्या पद्धतीने मोजलेला असतो, तसा तो कुठल्याही मराठी घरात मोजला जात नाही. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, पण त्या वर्षातून एकदाच, परतीच्या दिवशी, समोरासमोर येतात.

एक तिकीट जवळून पाहू. समजा, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलाकडे राहिलेले आई-बाबा हाँगकाँगमार्गे मुंबईला परतणार आहेत. तिकिटावर लिहिलं आहे: सॅन फ्रान्सिस्को, शुक्रवार 13 नोव्हेंबर, 00:50, हाँगकाँग, शनिवार 14 नोव्हेंबर, 08:00. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आशियाकडे येणारी कितीतरी विमानं अशी मध्यरात्रीच्या आसपास सुटतात, कारण ती पलीकडे सकाळी उतरली की प्रवाशांना पुढची विमानं मिळतात. आता घरातलं बोलणं ऐका.

"बाबा, विमान शुक्रवारी रात्रीचं ना? मग मी शुक्रवारी दुपारीच ऑफिसातून निघतो."

"हो रे, रात्री एकच्या सुमाराचं आहे. जेवूनच निघू."

"आई, मग शुक्रवारी दुपारी समोरच्या काकूंना चहाला बोलावू या का?" सून विचारते.

सगळे एकाच दिवसाबद्दल बोलत आहेत आणि सगळ्यांचंच चुकतं आहे. 13 तारखेचे 00:50 म्हणजे गुरुवारचं रात्रीचं जेवण उरकल्यावरची वेळ. तीन तास आधी पोचायचं तर गुरुवारी, 12 तारखेला, रात्री साडेनऊ-पावणेदहाला विमानतळावर असायला हवं. हे कुटुंब शुक्रवारी रात्री साडेनऊला काउंटरपुढे उभं राहील, तेव्हा त्यांचं विमान हाँगकाँगला उतरून साडेपाच तास होऊन गेलेले असतील.

ही चूक हलगर्जीपणातून होत नाही. आपल्याकडे वार सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयाला संपतो. पंचांगात असंच आहे आणि बोलण्यातही तसंच आहे. पहाटे दोनला कुणी दवाखान्यात भरती झालं तर आपण सांगताना "काल रात्री" म्हणतो. शुक्रवारी नाटक पाहून साडेबाराला घरी परतलो तर ती आपल्या लेखी शुक्रवारचीच रात्र असते. ज्यू आणि मुस्लिम परंपरेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. खगोलशास्त्रज्ञ तर 1925 पर्यंत आपला दिवस दुपारी बारापासून मोजत, म्हणजे रात्रभर घेतलेल्या निरीक्षणांच्या मध्येच तारीख बदलत नसे. मध्यरात्री तारीख बदलणं हा नागरी व्यवहारासाठी ठरवलेला एक संकेत आहे. माणसं झोपलेली असतात त्या वेळी तारीख बदलावी, हा त्याचा मोठा फायदा. त्या वेळी जो जागा राहून प्रवासाला निघतो, त्याचा मात्र गोंधळ होतो.

24 तासांचं घड्याळ हा संकेत निदान स्पष्ट तरी दाखवतं. अमेरिकेत रोजच्या वापरात 12 तासांचंच घड्याळ आहे, त्यामुळे तिथल्या तिकिटावर किंवा ईमेलमध्ये हीच वेळ 12:50 ए. एम. अशी छापलेली असते. तिथे अनेकांना ती दुपारची वाटते आणि मग चूक अर्ध्या दिवसाची होते. या घोळामुळेच वेळापत्रकं करणारे बरोबर मध्यरात्रीची वेळ शक्यतो देत नाहीत, 23:59 किंवा 00:05 असं लिहितात. त्याने मध्यरात्र कुठल्या तारखेची हा प्रश्न सुटतो. प्रवाशाने घर कधी सोडायचं हा प्रश्न तसाच राहतो.

तिकिटाबद्दलची दुसरी गोष्ट म्हणजे त्यावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाच्या गावची असते. सॅन फ्रान्सिस्कोची वेळ सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळाची, हाँगकाँगची हाँगकाँगच्या. वरच्या तिकिटात सुटण्याची आणि पोचण्याची वेळ वजा केली तर प्रवास 31 तासांचा दिसतो. प्रत्यक्षात विमान सुमारे 15 तास उडतं. उरलेले 16 तास हा दोन गावांच्या घड्याळांमधला फरक आहे. तिकिटावर प्रवासाचा एकूण अवधी वेगळा छापलेला असतो तो यासाठीच. आपण केलेली वजाबाकी त्या आकड्याशी जुळली नाही तर आपला आकडा सोडून द्यावा.

गावागणिक वेळ वेगळी असणं मुंबईला नवं नाही, उलट या बाबतीत मुंबईइतका अनुभव फार थोड्या शहरांना असेल. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा प्रत्येक शहर आपल्या डोक्यावरच्या सूर्याप्रमाणे वेळ ठेवत असे. लोहमार्ग लांबत गेले तसे ते अवघड होऊ लागलं आणि 1870 पासून देशभरच्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होती, मद्रासची 5 तास 21 मिनिटं. म्हणजे मुंबईत स्टेशनच्या आत एक वाजलेला असे आणि बाहेरच्या रस्त्यावर साडेबारा. 1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी शहरालाही मद्रासची वेळ लावायचा प्रयत्न केला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच हे गव्हर्नर. लोकांनी ते चालू दिलं नाही. 1884 च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला 25 देशांच्या प्रतिनिधींनी ग्रिनिचचं रेखावृत्त जगासाठी शून्य मानायचं ठरवलं. 1906 मध्ये मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून आपली साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. तरीही मुंबईत जुनी, 39 मिनिटं मागे असलेली वेळ 1955 पर्यंत टिकून होती. आज ऐंशीच्या घरात असलेल्या एखाद्या मुंबईकर आजोबांचं लहानपण अशा दोन वेळांच्या शहरात गेलेलं आहे. त्यांना घड्याळाचं गणित कळत नाही असं म्हणण्याआधी नातवाने एवढं लक्षात घ्यावं.

आता नोव्हेंबरकडे वळू. अमेरिकेत पाहुणे म्हणून आलेल्यांना साधारणपणे सहा महिने राहायची मुभा मिळते. आपल्याकडचे आई-वडील तिथली थंडी टाळण्यासाठी एप्रिल-मे महिन्यात जातात, म्हणून त्यांची परत यायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. दिवाळी घरी करायची असते, हेही एक कारण. नेमकी याच सुमाराला तिथली घड्याळं बदलतात. 2007 पासून अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला एक तास मागे येतं. ॲरिझोनाच्या बहुतेक भागात आणि हवाईत ते बदलतच नाही. युरोपात हे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 ते 1945, घड्याळं तासभर पुढे ठेवली होती, आता मात्र ती वर्षभर तीच राहतात. त्यामुळे आपल्याकडून न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. लंडन साडेचार आणि साडेपाच. ऑक्टोबरअखेरच्या त्या एका आठवड्यात तर लंडन बदललेलं असतं आणि न्यूयॉर्क बदलायचं असतं.

छापील तिकिटात हे सगळं धरलेलं असतं, तिथे काळजी नको. चूक होते ती माणसांच्या तोंडी हिशोबात. "आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे" हे सहा महिने घोकलेलं असतं, आणि शेवटच्या आठवड्यात ते खोटं ठरतं. फोनमधलं घड्याळ आपोआप बदलतं. भिंतीवरचं, मायक्रोवेव्हवरचं, पुष्कळदा गाडीतलंही तसंच राहतं, आणि वडील मंडळी भिंतीवरचं घड्याळ पाहतात. त्यातल्या त्यात नोव्हेंबरमधली चूक सोसवते, कारण भिंतीवरचं न बदललेलं घड्याळ तासभर पुढे असतं आणि माणूस तासभर आधी पोचतो. मार्चमध्ये परतणाऱ्यांचं उलटं होतं. त्यांचं जुनं घड्याळ तासभर मागे पडलेलं असतं आणि तेवढा तास विमान चुकायला पुरतो.

फोनवर विसंबणाऱ्यांनाही एक सापळा आहे. शिकागोतला मुलगा आपल्या फोनच्या कॅलेंडरमध्ये "आई-बाबांचं विमान, मुंबईहून रात्री 2:00" अशी नोंद करतो आणि ती वडिलांना पाठवतो. त्याच्या फोनने ती शिकागोची रात्रीची दोनची वेळ समजून जपलेली असते. पुण्यात वडिलांच्या फोनवर ती उन्हाळ्यात दुपारी साडेबारा आणि हिवाळ्यात दुपारी दीड अशी उमटते. दोघांपैकी कुणी काही चुकीचं टाइप केलेलं नसतं. नोंद करताना प्रमाणवेळ निवडायची सोय त्या कॅलेंडरमध्ये असते, पण ती कुणी उघडून पाहत नाही. याहून भरवशाचं म्हणजे तिकिटाचा मूळ कागद किंवा त्याचा फोटो पाठवणं. तसंच निरोपात "उद्या", "परवा" लिहू नये. कॅलिफोर्नियात सोमवारचं रात्रीचं जेवण चाललेलं असतं तेव्हा महाराष्ट्रात मंगळवारचा सकाळचा चहा होत असतो, त्यामुळे तिथला उद्या आणि इथला उद्या हे दोन वेगळे वार असतात.

पॅसिफिक ओलांडून येणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो, त्यांच्या आयुष्यातला एक अख्खा दिवस गळतो. हे सर्वांत आधी ज्यांच्या लक्षात आलं त्यांची हकिगत नोंदलेली आहे. मॅगेलानच्या मोहिमेतली पाच जहाजं 1519 च्या सप्टेंबरात स्पेनहून पश्चिमेकडे निघाली. मॅगेलान 1521 मध्ये फिलिपाइन्सच्या लढाईत मारला गेला. उरलेलं व्हिक्टोरिया नावाचं जहाज एल्कानोच्या हाताखाली परत येत असताना 9 जुलै 1522 रोजी केप व्हर्डी बेटांपाशी अन्नासाठी थांबलं. किनाऱ्यावर गेलेल्या खलाशांना कळलं की तिथे गुरुवार आहे. जहाजावर बुधवार होता. मोहिमेचा रोजनामा लिहिणारा अंतोनियो पिगाफेता चक्रावून गेला, कारण त्याने एकही दिवस न चुकता नोंद ठेवली होती. चूक त्याची नव्हतीच. सूर्याच्या दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे, पृथ्वीची पूर्ण फेरी मारणाऱ्याला घरी राहिलेल्यांपेक्षा एक सूर्योदय कमी दिसतो.

मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा लंडनमार्गे अमेरिकेला गेलेले आणि हाँगकाँग किंवा सिंगापूरमार्गे परतलेले आजी-आजोबा याच दिशेने पृथ्वीप्रदक्षिणा करून येतात. व्हिक्टोरियाच्या खलाशांना तीन वर्षं लागली, यांना सहा महिने. हिशोब तोच. एक दिवस जातो, आणि तो पॅसिफिकवरच्या आंतरराष्ट्रीय वाररेषेवर एकदम जातो. याचा खरा त्रास औषधांच्या बाबतीत होतो. वारांची नावं लिहिलेल्या गोळ्यांच्या डबीत शुक्रवारचा कप्पा उघडायचा की शनिवारचा, हा प्रश्न विमानात खरोखर पडतो. मधुमेहाच्या गोळीची किंवा इन्सुलिनची वेळ असेल तर तो सोडवायचं काम निघण्याआधी डॉक्टरांकडून करून घ्यायला हवं. वारांवर न जाता "मागच्या डोसनंतर इतक्या तासांनी" असं कागदावर लिहून घेतलं की वाररेषा आडवी येत नाही.

निघणाऱ्यांची मध्यरात्रीची चूक इकडे आणायला जाणाऱ्यांच्या वाट्यालाही येते. वरच्या प्रवासात हाँगकाँगहून निघालेलं पुढचं विमान, समजा, रविवारी 15 तारखेला 01:20 ला मुंबईत उतरतं. पुण्याच्या किंवा नाशिकच्या भाच्याला निरोप मिळतो, "मामा-मामी रविवारी येतायत." तो रविवारी संध्याकाळची टॅक्सी ठरवतो. मामा-मामी शनिवारी मध्यरात्रीनंतर सहारच्या टर्मिनलबाहेर ट्रॉली घेऊन उभे असतात, अमेरिकेचं सिम कार्ड चालत नाही आणि भारतातलं सहा महिन्यांत रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेलं असतं. या दृश्यात चूक कुणाचीच नाही, त्रास मात्र थकलेल्या माणसांना होतो. भाच्याला निरोप "शनिवारी रात्री अकराला विमानतळावर पोच" असा जायला हवा होता.

हे सगळे घोटाळे एका दिवसाचे. ज्याने खरं नुकसान होतं ती तारीख तिकिटावर नसतेच. अमेरिकेच्या पाहुण्यांच्या व्हिसावर बहुधा दहा वर्षांची मुदत छापलेली असते आणि पुष्कळ कुटुंबं त्या तारखेकडे बघून निर्धास्त राहतात. ती मुदत दारापर्यंत येण्याच्या परवानगीची आहे. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-94 नावाच्या नोंदीत असते. 2013 पासून विमानाने येणाऱ्यांना तिचा कागद हातात मिळत नाही, ती सरकारी संकेतस्थळावर पासपोर्टचा क्रमांक घालून पाहावी लागते. आपण सहा महिने मिळाले असं धरून चालतो आणि नोंदीत कधी कमी दिवस लिहिलेले असतात. त्यातच अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. तिथल्या एखाद्या फॉर्मवरचं 11/10 म्हणजे 10 नोव्हेंबर, आणि आपण वाचतो 11 ऑक्टोबर. विमान तिकिटांवर महिना अक्षरांत लिहायची पद्धत आहे ती म्हणूनच फार मोलाची आहे, आपणही तीच उचलावी.

आता कल्पना करा की आय-94 ची तारीख 15 नोव्हेंबर आहे आणि परतीचं विमान 13 ला होतं. ते चुकलं आणि पुढच्या जागा 18 ला आहेत. आत्तापर्यंतचा एका रात्रीचा गोंधळ आता कायद्याचा प्रश्न झाला. मुदतीपलीकडे राहिलं की तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो, नवा व्हिसा घेतल्याशिवाय पुन्हा जाता येत नाही. मुदत वाढवून घेण्याचा अर्ज आहे, पण तो मुदत संपायच्या आत दाखल व्हायला हवा. युरोपातल्या शेंगेन देशांचा हिशोब आणखी कडक आहे. कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस, आणि त्यात पोचल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस धरतात. म्हणून परतीचं तिकीट मुदतीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत काढू नये असं माझं ठाम मत आहे. भाड्यात चार पैसे वाचतात हे खरं, पण एका चुकीला जागा उरत नाही. निदान एक आठवडा हाताशी ठेवावा. प्रवास विम्याची मुदतही त्या आठवड्यापर्यंत असावी.

विमान चुकतंय असं दिसलं तर काय करायचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे विमान सुटायच्या आत कंपनीला कळवणं. रस्त्यात अडकलेले असाल तर गाडीतूनच फोन करावा. आधी कळवलं तर बहुतेक वेळा भाड्यातला फरक आणि बदलाचं शुल्क भरून तारीख बदलते. न कळवता गैरहजर राहिलं की त्या तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. तिकीट म्हणजे क्रमाने वापरायची कुपनं आहेत, पहिलं न वापरता दुसरं चालत नाही. म्हणून "सॅन फ्रान्सिस्कोचं चुकलं तरी हाँगकाँगहून पुढचं आपलंच आहे" हा समज चुकीचा आहे. आणि नवं तिकीट हाती आलं की व्हीलचेअरची आणि जेवणाची नोंद पुन्हा करून घ्यावी, जुन्या तिकिटावरची विनंती नव्यावर आली असेल असं धरू नये. आपल्या कितीतरी आयांना ती व्हीलचेअर गुडघ्यांसाठी जितकी लागते तितकीच अनोळखी विमानतळावर सोबतीसाठी लागते. तिकीट काढतानाच तारीख चुकली असेल तर अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे, प्रवासाला सात दिवस किंवा जास्त अवकाश असताना थेट कंपनीकडून काढलेलं तिकीट 24 तासांत पैसे न कापता रद्द करता येतं किंवा तेवढा वेळ राखून ठेवता येतं. म्हणून तिकीट काढलं त्याच दिवशी ते दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावं.

गावांच्या नावांचा घोळ थोडक्यात सांगतो. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेले दोन ब्रिटिश तरुण कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या सिडनीत उतरले होते. आपल्या लोकांच्या वाट्याला बहुधा न्यूयॉर्कचा घोळ येतो. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्यांना नेवार्क जवळ पडतं आणि जेएफकेला जायचं तर न्यूयॉर्क शहर ओलांडावं लागतं. येताना नेवार्कला उतरलो म्हणून जातानाही तिथूनच, असं घरात गृहीत धरलं जातं. विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह बघणं हा यावरचा उपाय. मुंबईतही आता सांताक्रूझ, सहार आणि 2025 मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ असे पर्याय झाले आहेत, तेव्हा पुढचं देशांतर्गत विमान असेल तर ते कुठून आहे हे पाहावं लागेल. दिल्लीला उतरून पुण्याला किंवा नागपूरला जाणाऱ्यांनी सामान साधारणपणे दिल्लीतच ताब्यात घेऊन कस्टममधून न्यायचं असतं.

सामानाची अदलाबदल तर काळ्या चार चाकी बॅगांमुळे ठरलेलीच. बॅगेला लावलेल्या पट्टीवरचा दहा आकडी क्रमांक आणि आपल्या पावतीवरचा क्रमांक पट्ट्यापाशीच जुळवून पाहावा. बॅग आली नाही किंवा दुसऱ्याची हाती आली तर विमानतळ सोडायच्या आत काउंटरवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत करायची असते आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची 21 दिवसांत.

ज्यांचे आई-वडील सध्या परदेशात मुलांकडे आहेत, त्यांना एक विनंती आहे. तिथल्या बहुतेक मराठी घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं. आई-बाबा पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात परतीचं तिकीट आणि आय-94 समोर घेऊन बसा. कॅलेंडरवर विमान सुटण्याची वेळ लिहू नका. ज्या दिवशी दाराला कुलूप लावून निघायचं त्या चौकोनात "गुरुवार, रात्री साडेआठला घर सोडायचं" असं आई-बाबांच्या अक्षरात लिहून घ्या, आणि त्याचा फोटो इकडे आणायला येणाऱ्यांना पाठवा.